कुंपणावर मांडलेले चाकू

अहो वहिनी, आहात का? या ना जरा अशा तगरीच्या सावलीला. हातात कढीपत्त्याची फांदी असू द्या, समोरच्या गच्चीवरून बघणारे आहेतच. तर सांगायचं म्हणजे, आणलाय. हो, आणखी एक! काल संध्याकाळच्या कर्जत लोकलने आले, हातात मेथीची जुडी, आणि जुडीच्या पोटात वर्तमानपत्रात गुंडाळलेला चाकू. मेथी निवडायला शेवटी मीच बसणार, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

कितीला घेतला म्हणता? सांगतील तर शपथ! विचारलं की "मिळाला" म्हणतात. चोरबाजारात मटन स्ट्रीटला मिळाला, पुण्याला जुन्या बाजारात मिळाला. आणि मग महिनाअखेरीला गॅसवाल्याला द्यायला पैसे माझ्या डब्यातून जातात. लोक निवृत्त झाल्यावर गुलाब लावतात, योगाच्या वर्गाला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीवर भांडतात. आमच्यांना चाकू सुचले.

सुरुवात कशी झाली ठाऊक आहे ना? माझे आजेसासरे कारकून. मोडी लिहायचे. माळा आवरताना त्यांचं लाकडी कलमदान निघालं आणि त्याच्या खालच्या कप्प्यात एवढासा घडीचा चाकू, हाडाच्या मुठीचा. बोरू तासायला ठेवलेला. बोरूचं टोक झिजलं की तिरपं छाटायचं, मधोमध चीर पाडायची, की पुन्हा शाई धरतो. पात्याच्या बुडाशी इंग्रजीत काही कोरलेलं होतं, ते भिंगाखाली धरून वाचलं तर शेफील्ड! झालं. त्या दिवशी जेवण गार झालं माझं. बोरू टाकाने घालवला, मोडी पुढे दप्तरातूनच गेली, आजेसासरे केव्हाच गेले, चाकू मात्र इंग्लंडातून येऊन आमच्या माळ्यावर टिकून राहिला.

आता मला सगळं पाठ झालंय. वरणभाताबरोबर तेच वाढलं जातं रोज. शेफील्डच्या त्या जातीच्या चाकूला कुलूप नसतं. मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. पातं उघडलं की ती कट्ट करून बसते आणि पातं धरून ठेवते. उलट्या बाजूने जोर दिलात तर मात्र थेट बोटावर मिटतं. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनरने 1884 साली कारखाना काढला, 1891 साली तिथल्या सैन्याला चाकू दिले आणि 1897 साली तो तांबडा, बूच काढायच्या स्क्रूवाला चाकू काढला. आई वारल्यावर तिचं, व्हिक्टोरियाचं, नाव मालाला दिलं. न गंजणारं पोलाद आल्यावर 1921 साली त्याला शेपूट जोडून व्हिक्टोरिनॉक्स केलं. मी म्हटलं, बघा, पोराने आईचं नाव काढलं. तर म्हणाले, "मुद्दा स्प्रिंगचा आहे."

आणि तो लाकडी मुठीचा फ्रेंच, ज्याच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव! ओपिनेल. आल्प्सच्या डोंगरातल्या जोसेफ ओपिनेल नावाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने 1890 साली केलेला. शेतकऱ्यांसाठी हो, चीज-पाव कापायला, द्राक्षाच्या वेलीची छाटणी करायला. एक लाकडाचा तुकडा, एक पातं, एक खिळा. पुढे 1955 साली त्याला एक गोल कडं आलं. ते फिरवलं की पातं अडकतं, मिटत नाही. इतकंच. भाचा झुरिकहून येताना घेऊन आला होता, सामानात टाकून, हातात नाही हो, विमानतळावर धरलंच असतं. माझी नणंद मे महिन्यात आली होती ना, तिने त्याच्यावर कैरी चिरली. पातं काळंनिळं पडलं! ते पोलाद जुन्या पद्धतीचं, आंबट लागलं की डाग धरतं. आमचे हे दोन वेळा जेवले, पण बोलले नाहीत. मग कुठेसं वाचलं की तिकडचे शौकीन मुद्दाम असं काळं करतात, त्या थराने गंज कमी लागतो. तेव्हापासून नणंदेचं कौतुक चाललंय.

तुमच्या ह्यांनीही आगीत तेल ओतलंय बरं का! रविवारी सकाळी इथे या भिंतीवर पंचा अंथरून ह्यांचं प्रदर्शन मांडलं, की तिकडून तुमचे हे कानशी आणि भिंग घेऊन हजर. ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म गेला, अंबरनाथला, त्यामुळे लोखंड दिसलं की हात शिवशिवतात. परवा तर खाली बसून ग्राइंडरवर ठिणग्या पाडून दाखवत होते. कार्बन जास्त असलेल्या पोलादाची ठिणगी पुढे जाऊन फुलबाजीगत फुटते आणि न गंजणाऱ्याची आखूड, मुकाट्याने विझते. उल्हासनगरच्या एका दुकानातून ह्यांनी "स्विस" म्हणून आणलेला चाकू होता ना, त्याची ठिणगीच आली नाही धड. पात्यावर क्रॉस होता, लाल मूठ होती, दातकोरणीसुद्धा होती. पेरू कापायला घेतला तर पातं वाकलं. तुमचे हे म्हणाले, "भाऊ, हा अस्सल मेड इन यूएसए." उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आपल्या पट्ट्यातला तो विनोद आपल्याहून जुना असेल. पण बोलून-चालून 1949 साली लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत उभं राहिलेलं गाव ते, फाळणीत घरदार टाकून आलेल्या माणसांनी उभं केलेलं. त्यांनी काय नाही बनवलं! तो चाकू मी ठेवलाय, पाकिटं फोडायला बरा आहे.

रामपुरीचं नाव नका काढू. नाही, म्हणजे काढाच, तुम्ही तेव्हा माहेरी होतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू. बटण दाबलं की पातं सुटतं आणि उघडताना कट-कट-कट आवाज करतं. 1965च्या 'वक्त'मध्ये राजकुमारने एका चाकूवर जे नाव केलं, ते ह्यांच्या मनात इतकी वर्षं घर करून होतं, आम्हाला काय माहीत! गॅलरीत उभं राहून उघड-मीट चाललेली. तुमच्या शेजारच्या इमारतीत नव्या आलेल्या बिऱ्हाडातल्या आजी नातवंडांना घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाण्याकडे मला विचारतात कशा, "तुमचे मिस्टर पूर्वी काय करायचे?" शिक्षण खात्यात होते, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

शेवटी तुमच्या ह्यांनीच कायदा काढून वाचून दाखवला. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल, आणि ते घरकामाचं, शेतीचं, कारखान्याचं नसेल, तर ते शस्त्रांच्या यादीत बसतं. शिवाय पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली अधूनमधून मनाई आदेश निघतात, तेव्हा चाकू-सुरे, काठ्या घेऊन रस्त्यावर फिरायचंच नाही. लोकलच्या गर्दीत कुणी पिशवी तपासली आणि मेथीतून हे निघालं, तर काय सांगणार? छंद आहे? आता म्हणे कागद, वर दोरा, पिशवीच्या तळाशी, आणि सरळ घरी. बाजारात, गाडीत उघडून दाखवायचा नाही. दाखवायचा तो या कुंपणावर. रामपूरवाल्यांनी मात्र 2023 साली गावातल्या चौकातच वीस फुटी चाकू उभा केलाय! तिथे जायचं म्हणत होते. मी म्हटलं, काशीला न्याल तेव्हा बघू.

बरं, हे सगळं झालं परदेशाचं आणि परप्रांताचं. आपल्याकडे काय? पौषात आम्ही म्हशाच्या जत्रेला गेलो होतो, मुरबाडला. हे आपले चाकू शोधताहेत. बैलबाजार पाहिला, घोंगड्या पाहिल्या. लोहाराकडे कोयते, विळे, खुरपी, विळ्या, सगळं होतं. घडीचा चाकू विचारला तर म्हातारा हसला. म्हणाला, "कोयता सोडून चाकू कशाला हवा?" खरंच आहे की! आपल्या बाजारात करवंदं, रानभाजी घेऊन बसणाऱ्यांच्या घरचे पुरुष बघा, कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. लाकूड तोडायचं, नारळ सोलायचा, वाट करायची, सगळं त्याच्यावर. मला विचाराल तर घडीच्या चाकूला आधी खिसा लागतो. आपल्या धोतराला खिसा कुठे, लुगड्याला खिसा कुठे? पैसे कनवटीला, कोयता आकडीला. मिटून, जपून, जवळ बाळगायचं हत्यार ठेवायला आपल्याकडे जागा एकच होती. ती ह्यांच्या डोक्यात आलीच नाही, तुमच्या सासूबाईंनी दाखवेपर्यंत.

तेच तर सांगायला बोलावलं मी! खंडेनवमीला तुम्ही पुऱ्या तळत होतात. ह्यांनी ओसरीवर पाट मांडून सगळे चाकू ओळीने ठेवले, हळदकुंकू, झेंडूची फुलं, अगदी साग्रसंगीत. मेंदूतज्ज्ञाच्या टेबलावर नसतील इतकी हत्यारं. सासूबाई आल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, सगळी रांग एकदा इकडून तिकडे पाहिली. मग विचारलं, "ह्यात सुपारी कशाने कातरता?"

कोण बोलणार? हे व्हिक्टोरिनॉक्स उचलायला गेले आणि हात परत घेतला.

मग त्यांनी चंची काढली. खणाखणांची, कड झिजलेली, एका कप्प्यात पानं, एकात चुना, एकात कात. आणि मधल्या कप्प्यातून तो अडकित्ता. वहिनी, तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला काही वाटत नाही. पितळी दांडे, दोन्ही टोकांना मोराच्या माना, एकमेकींकडे बघणाऱ्या, आणि वरचं पातं पोलादी. माहेरून आणलेला, श्रीवर्धनचा. सुपारीही तिथलीच, रोठा, आतून पांढरी. डाव्या तळहातावर धरून त्यांनी आधी सुपारीचे दोन केले आणि मग इतकी बारीक कातर पाडली की ती झेंडूच्या पाकळ्यांवर पडली तरी आवाज आला नाही. बघायला नव्हत्याच त्या. नजर आमच्या ह्यांच्याकडे, हात आपला चालू. तुमच्या ह्यांनी नंतर तो हातात घेऊन बिजागरीचा खिळा तपासला. खालचा दांडा ऐरण, वरचं पातं हातोडा, आणि जोर येतो तो लांब दांड्यांमुळे. सुपारी चाकूने कापायला गेलात तर घसरून बोट जाईल. ती दोन्हीकडून दाबूनच फोडावी लागते. म्हणाले, "शंभर वर्षं जुना असेल, पण ढिला नाही पडलेला." आमचे हे गप्प. त्यांचा चेहरा मी लग्नात पाहिला होता तसा झाला.

तेव्हापासून चाकूंच्या जोडीला अडकित्त्यांचं वेड. मला पुण्याला घेऊन गेले, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला. तुम्ही मस्तानी महाल पाहिला असेल, तोच वाडा. पण अडकित्त्यांपुढे उभे राहिलात का कधी? माणसांच्या आकाराचे, पक्ष्यांचे, नक्षीचे, साधे. हे प्रत्येकापुढे वाकून बघताहेत आणि मी पाय बदलत उभी. दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं आणि 'अज्ञातवासी' नावाने ते कविता करायचे. 1920च्या सुमारास जमवायला लागले. दिवे, दौती, कलमदानं, वजऱ्या, अडकित्ते, जे लोक अडगळीत टाकत होते ते. राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने संग्रहालय केलं. 1975 साली वीस हजारांच्या घरातल्या वस्तू सरकारच्या स्वाधीन केल्या. कमलाबाईंची, त्यांच्या पत्नीची, साथ होती म्हणतात. वहिनी, मी तर आधी तेच शोधत होते भिंतीवर, की त्या बाईंनी घर कसं चालवलं असेल? आमचे हे निदान कविता करत नाहीत.

आणखी एक गंमत. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गणिताचे एक मोठे प्राध्यापक होते, सॅम्युएल आयलेनबर्ग. जगातले गणिती त्यांचं नाव घेतात. ते गृहस्थ 1950च्या दशकात मुंबईला आले आणि इकडच्या जुन्या मूर्तींच्या नादी लागले. पुढे चारशेवर मूर्ती आणि वस्तू मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकल्या. पण त्यांच्याकडे अडकित्तेही होते, इतके की हेन्री ब्राउनरिग नावाच्या गृहस्थांनी त्या अडकित्त्यांवर अख्खं सचित्र पुस्तक काढलं! आपल्या घराघरांत सुपारीला चिकटलेली ती वस्तू. हे कळल्यावर आमच्यांची छाती फुगली. "बघ, गणितीसुद्धा!" मी म्हटलं, त्या गणितीला भाजी आणायला बाजारात जावं लागत नव्हतं.

पण एक खरं सांगू? हसते मी, पण हे भंगाराच्या दुकानातलं बघून आले ना, तेव्हा मलाही वाईट वाटलं. भांडीवाल्याकडे जुनी पितळ वजनावर घेतात. तांबे, समया, पळीपंचपात्रं, सगळी एका पोत्यात. अडकित्ता आला की पातं लोखंडाचं, ते निरुपयोगी, म्हणून पितळी दांडे उपटून काढतात. पोपट, मोर, घोडे, सगळे किलोच्या भावात. पान खाणारी पिढी गेली, नव्या सुना सुपारी कातरलेली पाकिटातून आणतात, मग तो ठेवणार कोण? ह्यांनी त्या दिवशी पोत्यातून एक उचलून आणला, पातं गेलेला, नुसते दांडे. तुमचे हे त्याला पातं बसवून देणार आहेत म्हणे, घिसाड्याकडून ठोकून घेऊन. कल्याणच्या वाटेवर उतरलेत ना ते, बाया घण मारतात तिथे. तेवढा एक उद्योग मला पटलाय.

आता मुद्द्याचं बोलते, हळू. तुमच्या सासूबाईंच्या त्या मोरांच्या अडकित्त्यावर ह्यांचा जीव जडलाय. एकदा भीतभीत विचारलं, "काकू, मला बघायला आठवडाभर ठेवाल?" काकू म्हणाल्या, "तो नातवाच्या लग्नाचा आहे." बरोबरच आहे! तुमच्या लग्नाच्या फोटोत भावजींच्या हातात तोच आहे ना, लिंबू खोचलेला? नवरदेवाच्या हातात लोखंड हवंच. कुणाकडे कट्यार असते, तुमच्याकडे हा. पण वहिनी, तुम्हाला सावध करते हं, तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी गणपतीत माझ्याजवळ सहज विषय काढला होता. "तो अडकित्ता जुना आहे का हो फार?" सहज! दोघींच्याही पोरांची लग्नं येत्या दोन-चार वर्षांत. मी काय बोलणार, म्हटलं जुना नाही, साधाच आहे. तुमच्यासाठी खोटं बोलले. लक्षात ठेवा.

आणि आता सांगते तुम्हाला बोलवायचं खरं कारण. ह्यांचा ओपिनेल सापडत नाहीये. नवमीपासून. पाट उचलला, झेंडू टाकला, भिंत पाहिली, कामवालीवर दोनदा नजर गेली त्यांची, मी दटावलं. काल संध्याकाळी मी तुमच्याकडे विरजण मागायला आले होते ना, तुम्ही आत होतात. सासूबाई झोपाळ्यावर बसून पानं पुसत होत्या. चंची उघडी होती. त्यांनी आतून लाकडी मुठीचा चाकू काढला, कडं फिरवून बरोबर अडकवलं आणि पानाचे देठ छाटायला लागल्या. मी पाहते आहे हे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "तुमच्याकडचाच आहे. देठ फार बरे निघतात ह्याने. सांग त्याला, अडकित्ता नाही मिळायचा, पण हा माझ्याकडे जपून राहील."

मी घरी जाऊन सांगितलं. हे दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठवड्यातून एकदा तेल लावायला सांग त्यांना. शिलाई मशीनचं."